दुरुस्ती की नवा संच? शहापूर-मुरबाडमधील एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

१/
बिघडलेला टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा प्रश्न आज इतक्या सहजपणे विचारला जातो की त्यालाही एक जन्मकाळ असेल, असे कुणाच्या मनात येत नाही. ग्रामीण ठाण्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांपुरते बोलायचे तर १९९० च्या दशकाच्या मध्यापूर्वी हा प्रश्न जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. संच बिघडला की तो दुरुस्त व्हायचा आणि दुरुस्त होईपर्यंत घर थांबायचे. हा प्रश्न कधी जन्मला आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला, याविषयीचा हा धागा.

२/
आरंभ वरळीपासून. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. वरळीच्या मनोऱ्यापासून मुरबाड सरळ रेषेत सुमारे पासष्ट-सत्तर किलोमीटर, तर शहापूर त्याहून थोडे दूर. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि या दोन तालुक्यांत सरळ रेषा फारशी कुणाच्या नशिबी नाही. एका बाजूस माहुली, दुसऱ्या बाजूस सिद्धगड आणि माळशेजची भिंत. डोंगरावर आपटून उशिरा पोहोचणाऱ्या लहरीमुळे पडद्यावर प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली उभी राहते. मुंबईच्या माणसाने ज्याला बिघाड म्हटले असते, ते येथे नित्याचे चित्र होते.

३/
म्हणून येथील घरात टीव्हीबरोबर आणखी तीन वस्तू येत: उंच लोखंडी पाइपावरचा अँटेना, क्षीण लहरींसाठी बूस्टर आणि विजेच्या लहरीपणासाठी स्टॅबिलायझर. अँटेना नैर्ऋत्येकडे, म्हणजे मुंबईकडे, रोखून बांधायचा. वादळात तो फिरला की एकाने कौलांवर चढायचे, दुसऱ्याने दारात उभे राहायचे, तिसऱ्याने आतून ‘आलं, आलं... गेलं’ असे ओरडायचे. दुरुस्तीचा पहिला टप्पा हाच, आणि त्याला पैसा पडत नसे.

४/
त्या काळात संच विकत घेणे हे सरकारी कागदांशीही जोडलेले होते. रेडिओप्रमाणे टीव्हीलाही परवाना लागे, त्याचे वार्षिक शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. १९८५ मध्ये ही पद्धत संपली. परवाना असलेली वस्तू माणूस सहजासहजी टाकून देत नाही, ही मानसिकता मात्र पुढे बराच काळ टिकली असावी. लाकडी पेटी, चार पाय, समोर सरकती शटरे आणि शटरांना कुलूप अशा थाटात तो संच घरात उभा असे. आत यंत्र असले तरी बाहेरून ते फर्निचर होते, आणि फर्निचर कुणी बदलत नसते.

५/
येथे एका प्रयोगाचा उल्लेख आवश्यक आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपक्रमात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही संच बसवले गेले. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान ही ती राज्ये. महाराष्ट्र त्यात नव्हता. या प्रयोगाची आठवण बहुधा उपग्रहासाठी काढली जाते. खरे तर तिच्यातील अधिक मोलाची गोष्ट दुरुस्तीची होती. संच खेड्यात पोहोचण्याआधीच ते बिघडणार हे गृहीत धरून देखभालीची केंद्रे, सुटे भाग आणि तंत्रज्ञ यांची आखणी झाली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशात टीव्ही झपाट्याने पसरला, तेव्हा प्रक्षेपकांची आखणी झाली. दुरुस्तीची आखणी कुणी केली नाही. ती बाजारपेठेतल्या एका खोलीच्या दुकानांनी केली.

६/
१९८२ हे वळण. १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रसारण, नोव्हेंबरमध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा. १९८४ मध्ये तर काही महिने जवळजवळ दिवसाला एक या गतीने देशभर लघुप्रक्षेपक उभे राहिले. त्याच वर्षी जुलैत ‘हम लोग’, २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’, २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’.

७/
पाड्यांवर वीज पोहोचणे हाच मुळात सावकाश चाललेला कारभार होता. ज्या वाडीत वीज होती तेथेही संच एखाद-दुसराच. वीज नसलेल्या ठिकाणी बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे लहान कृष्णधवल संच असत. बॅटरी बाजाराच्या गावी नेऊन चार्ज करून आणायची. अशा वाडीत रविवारी सकाळी संच बंद पडणे ही एका घराची अडचण नसे. ओटीवर, अंगणात, खिडकीला लटकून पाहणारे सगळेच त्या बिघाडाचे भागीदार. दुरुस्तीचा निर्णय त्यामुळे घरमालकाने एकट्याने घ्यायचा विषय राहत नसे, आणि ‘नवा घेऊ’ हा पर्याय कुणाच्या तोंडी येण्याचे कारणच नव्हते. कृष्णधवल संच म्हणजे लहान शेतकऱ्याची एका हंगामाची शिल्लक. रंगीत संच तर त्याच्या कैक पट महाग.

८/
आता बिघाडाकडे. जुना संच आतून काय होता हे समजल्याशिवाय तो दुरुस्त का होत असे, हे समजत नाही. काचेची पिक्चर ट्यूब, तिच्या मानेत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारी गन, मानेभोवती तांब्याच्या वेटोळ्यांचा योक, हजारो व्होल्टचा दाब निर्माण करणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर आणि एका मोठ्या फलकावर शेकडो सुटे घटक. प्रत्येक घटक डोळ्यांना दिसे, हाताने काढता येई, मीटरने तपासता येई.

आणि प्रत्येकाचा बिघाड पडद्यावर वेगळ्या भाषेत बोले. पडद्याच्या मध्यावर एकच आडवी पांढरी रेघ उरली, की उभ्या दिशेने झोत फिरवणारा विभाग गेला. आवाज आहे पण पडदा काळा, तर बहुधा ईएचटी किंवा त्याच्या आधीचा ट्रान्झिस्टर. चित्र दिवसेंदिवस फिके पडत चालले, सुरू झाल्यावर उजळायला दहा मिनिटे लागू लागली, तर ‘ट्यूब उतरली’.

९/
टीव्हीला थापड मारली की तो चालू होतो, या विनोदामागेही भौतिकशास्त्र आहे. संच तापतो, बंद केल्यावर निवतो. या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने कथलाचा डाग कालांतराने सुटतो आणि सांध्यात केसाएवढी फट पडते. थापडेने ती क्षणभर मिटते. मेकॅनिक याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणे. त्याचा उपाय पुन्हा डाग देणे एवढाच. कथील काही पैशांचे, विद्या मात्र शेकडो सांध्यांतून तो एक शोधून काढण्याची.

१०/
शहापूर-मुरबाडच्या हवामानाने या विद्येत स्वतःची भर घातली. येथील पावसाळा चार महिने हवेत ओल ठेवतो. उच्च दाबाच्या भागावर धूळ आणि ओल एकत्र आली की तडतड आवाज करीत ठिणगी पळते. जुलै-ऑगस्टमधील अनेक बिघाड या एकाच जातीचे. उंच पाइपावरचा अँटेना हा विजेला दिलेला उघड निमंत्रणपत्रच होता. म्हणून गडगडाट सुरू होताच वायर मागून उपटून ठेवण्याची शिस्त घरातल्या लहान मुलांनाही असे. शिवाय संचाच्या उबेला झुरळे आणि पाली राहायला येत. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दोन तारांमध्ये सापडलेली पाल फ्यूज उडवू शकते.

११/
मेकॅनिक घडे तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या रेडिओ-टीव्ही अभ्यासक्रमातून, टपालाने चालणाऱ्या शिकवण्यांतून, किंवा अधिक वेळा कल्याण-उल्हासनगरच्या दुकानात उमेदवारी करून. त्याचे विश्व रेल्वे आणि एसटीने आखलेले होते. शहापूरचा मेकॅनिक आसनगावला गाडी पकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊ शके, जेथे सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची देशातील एक मोठी बाजारपेठ आजही आहे. मुरबाडला रेल्वे नव्हती. तेथून आधी एसटीने कल्याण. एका ट्रान्झिस्टरसाठी दिवस मोडू नये म्हणून पाच-सहा संचांचे भाग एकदम आणायचे. ‘गुरुवारी या’ हे मेकॅनिकचे प्रसिद्ध उत्तर आळसातून आलेले नव्हते, त्यामागे वाहतुकीचे गणित होते.

त्याहून अवघड स्थिती टोकावडे किंवा डोळखांबच्या बाजूच्या ग्राहकाची. वीस-बावीस किलोचा, पुढून जड आणि काचेचा संच गोधडीत गुंडाळून एसटीत चढवायचा. म्हणून शक्यतो मेकॅनिकच घरी येई. घरी दुरुस्ती होताना काय बदलले, हे सगळ्या घराला दिसे. जळका भाग तो मालकाच्या हातात देई. हा विश्वासाचा पुरावा होता आणि पुढच्या काळात हरवलेल्या गोष्टींत तो सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

१२/
ट्यूब गेली तर? ट्यूब हा संचाचा सर्वांत महाग भाग. कृष्णधवल ट्यूब देशात बनत. सार्वजनिक क्षेत्रातील भारत इलेक्ट्रॉनिक्स हे त्यातले एक प्रमुख नाव. याच कंपनीने १९८६ मध्ये टीव्हीच्या काचेच्या कवचांसाठी नवा कारखाना काढला, तो मुरबाडपासून फार दूर नाही, तळोज्यात. पण नव्या ट्यूबेचा पैसा नसलेल्यांसाठी आणखी एक मार्ग होता. जुन्या ट्यूबेची मान कापून त्यात नवी गन बसवायची, पुन्हा हवा काढून घ्यायची आणि मान बंद करायची. बाजारात तिला ‘रीगन’ ट्यूब म्हणत. आज हे वाचताना आश्चर्य वाटेल, परंतु काचेच्या निर्वात नळीचे आयुष्य असे वाढवणारा लघुउद्योग भारतात अनेक वर्षे चालला.

१३/
तुलनेसाठी दोन देश. ब्रिटनमध्ये टीव्ही भाड्याने घेण्याची प्रथा १९७० च्या दशकापर्यंत अत्यंत व्यापक होती. संच कंपनीचा, त्यामुळे बिघाडही कंपनीचा. अमेरिकेत १९५०-६० च्या दशकांत औषधांच्या दुकानांतही व्हॉल्व्ह तपासण्याची यंत्रे असत. ग्राहक स्वतःच व्हॉल्व्ह काढून आणे, तपासे आणि बदले. एका ठिकाणी जोखीम कंपनीवर, दुसऱ्या ठिकाणी ज्ञान ग्राहकाकडे. शहापूर-मुरबाडमध्ये जोखीम ग्राहकाची आणि ज्ञान मेकॅनिकचे. या नात्यात विश्वासाला पर्याय नव्हता.

१४/
मग बाजार बदलला. १९९१ नंतर आयात आणि परकीय भांडवल यांवरील बंधने सैल झाली. दशकाच्या मध्यास अकाई या जपानी नावाने संच विकणाऱ्या बॅरन इंटरनॅशनल या मुंबईच्या कंपनीने एक योजना जोरात राबवली: जुना टीव्ही आणा, नव्याच्या किमतीत सूट घ्या. सॅमसंग १९९५ मध्ये, एलजी १९९७ मध्ये भारतात आली. व्हिडिओकॉन, ओनिडा, बीपीएल यांनाही याच शर्यतीत उतरावे लागले. ‘एक्स्चेंज ऑफर’ हा शब्द मराठी घरात शिरला तो या काळात.

१५/
धाग्याच्या आरंभी ज्या जन्मकाळाचा उल्लेख आला, तो हाच. आतापर्यंत बिघडलेल्या संचाची किंमत शून्य होती, ती दुरुस्त केल्यावरच परत येई. आता बिघडलेल्या, धूळ खात पडलेल्या संचालाही दुकानदार भाव देऊ लागला. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना प्रथमच दुसऱ्या एखाद्या आकड्याशी करता येऊ लागली. वरवर पाहता ही सूट होती. परिणामाने पाहता ती विचार करण्याची नवी रीत होती. तिला हप्त्यांची जोड मिळाल्यावर तर एकरकमी पैसा नसणे ही अडचणही उरली नाही. दुरुस्तीला मात्र हप्ता कधीच नव्हता. मेकॅनिकचे पाचशे रुपये रोख द्यावे लागत आणि दहा हजारांचा संच महिन्याला पाचशेत घरी येई. गरिबाला महाग पर्याय अधिक परवडणारा वाटू लागण्याची ही यंत्रणा आजही जशीच्या तशी आहे.

१६/
पण शहरांतून गोळा झालेले जुने संच गेले कुठे? ते मोडले गेले नाहीत. पुष्कळ संच किरकोळ दुरुस्ती होऊन लहान गावांच्या बाजारांत पुन्हा विकले गेले. शहराने ‘बदला’ असे उत्तर दिले म्हणूनच खेड्याला ‘दुरुस्त करा’ असे उत्तर देता आले. कित्येक घरांत आलेला पहिला रंगीत टीव्ही कुणाचा तरी दुसऱ्यांदा विकला गेलेला असे. दोन उत्तरे परस्परविरोधी दिसतात, पण या काळात ती एकाच साखळीचे दोन दुवे होती.

१७/
२००० नंतर तिसरे उत्तर आले आणि त्याचा इतिहास फारसा कुणी लिहीत नाही. ‘चायना किट’. एका तळहाताहून थोड्या मोठ्या तयार फलकावर टीव्हीचे सगळे परिपथ आणि सोबत रिमोट. मूळ फलकातील दोष शोधत बसण्याऐवजी तो संपूर्ण काढायचा, ट्यूब आणि पेटी तीच ठेवायची, आत हे किट बसवायचे. कार्यालयांतून निघालेल्या संगणकांच्या मॉनिटरांनाही याच किटने टीव्ही बनवले. वर नाव एका कंपनीचे, आत ट्यूब दुसऱ्याची, फलक चीनचा. जुन्या मेकॅनिकांनी या प्रकाराला नाके मुरडली असतील. ते स्वाभाविकही आहे. ज्याला एक ट्रान्झिस्टर शोधता येत नाही, तोही आता संच चालू करून देऊ शकत होता. घराला संच मिळाला, विद्येचा भाव मात्र पडला.

१८/
त्याच वर्षांत विजेची टंचाई तीव्र होती. ग्रामीण महाराष्ट्राने तेव्हा दहा-बारा तासांपर्यंतचे भारनियमन पाहिले. वीज जाताना त्रास कमी, येताना अधिक: दाब उसळतो आणि संचाचा वीजपुरवठ्याचा भाग जळतो. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, त्या तालुक्यात टीव्हीला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय झोप येत नसे, हा विरोधाभास नोंदवून पुढे जावे.

१९/
यानंतर प्रश्नात सरकार उतरले. केबलचे डिजिटल रूपांतर टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले: मुंबईत २०१२ च्या अखेरीस आणि ग्रामीण भागाच्या चौथ्या टप्प्यात ३१ मार्च २०१७ ही मुदत. शहापूर-मुरबाडमध्ये डिश अँटेना त्याआधीच छपरांवर आल्या होत्या. दूरदर्शनची मोफत डिश सेवा डिसेंबर २००४ पासून उपलब्ध होती. सेट टॉप बॉक्सची वायर जोडायची सोय असेल तर जुना संच टिकला. पुढे प्रसार भारतीने जमिनीवरील अॅनालॉग प्रक्षेपक बंद करण्याचे धोरण घेतले आणि मार्च २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणे वगळता ते अमलात आणण्याचे ठरले. कौलांवरचा नैर्ऋत्येकडे पाहणारा अँटेना तेव्हापासून निव्वळ पाइप आहे. कपडे वाळत घालण्याची दोरी बांधायला तो अजून उपयोगी पडतो.

२०/
आता सपाट पडद्याचे युग आणि येथे प्रश्नाचे रूप पूर्णतः पालटते. जुन्या संचात महाग ट्यूब क्वचित जाई, स्वस्त भाग वारंवार जात. सपाट संचात पॅनेल हाच जवळजवळ संच. तो फुटला तर नव्या पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या आसपास जाते. त्यातच १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठ्या संचांना ही सवलत सप्टेंबर २०२५ मध्ये मिळाली. नवा संच स्वस्त होत गेला की दुरुस्तीची रेषा आपोआप खाली सरकते.

२१/
तरीही ‘सपाट टीव्ही दुरुस्त होत नाही’ हे विधान अर्धसत्य आहे आणि त्याचा भुर्दंड अनेक घरे भरतात. सर्वांत नेहमीचा बिघाड असा: आवाज येतो, पडदा काळा. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरकी टॉर्च धरावी. अंधूक चित्र हलताना दिसले तर पॅनेल शाबूत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या किंवा त्यांना वीज पुरवणारा भाग गेला आहे. एका पट्टीतील एक दिवा गेला तरी सगळा पडदा अंधारतो, आणि अशा पट्ट्या नव्या संचाच्या तुलनेत फार थोड्या पैशांत मिळतात. संच मुळीच सुरू होत नसेल तर वीजपुरवठ्याच्या फलकावरील फुगलेला कपॅसिटर हा जुनाच आरोपी. उलट पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडे गेलेली आकृती असेल, तर तेथे खर्च करू नये. उभ्या रंगीत रेषा या दोन्हींच्या मधल्या. त्या पॅनेलच्या कडेच्या नाजूक जोडणीतून येतात आणि ते काम विशेष यंत्राशिवाय टिकत नाही.

हे निदान करणारा माणूस मुरबाडच्या बाजारात आजही मिळतो. फरक एवढाच की पट्टी बसवण्यासाठी सगळे पॅनेल अलगद उचलावे लागते, आणि ते फुटले तर नुकसान कुणाचे, यावर व्यवहार अडतो. जुन्या मेकॅनिकच्या हातात चूक सुधारण्याची संधी असे. नव्याच्या हातात एकच संधी असते.

२२/
सुट्या भागांची कथा कंपन्यांच्या आयुष्याशीही बांधलेली आहे. औरंगाबादहून उभी राहिलेली व्हिडिओकॉन ही एके काळी महाराष्ट्राच्या घराघरांतील कंपनी. जून २०१८ मध्ये तिच्याविरुद्धची दिवाळखोरीची प्रक्रिया मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात सुरू झाली. कंपनी अडखळली की तिच्या संचांचे भाग भंगारातील भावंडांकडूनच मिळवावे लागतात. एक संच मरतो तेव्हा दोन जगतात, असा हा हिशेब.

२३/
केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचवावी, हा त्यामागील हेतू. दुकानातल्या मेकॅनिकला परिपथाचा नकाशा मिळणे हीच यातली खरी कसोटी आहे. जुन्या अनेक संचांच्या माहितीपुस्तिकेत तो छापलेलाच असे, आणि मेकॅनिक मंडळी त्याच्या प्रती जपून ठेवत.

२४/
आणि ज्यांचे उत्तर ‘नवा’ असे ठरले, त्यांच्या जुन्या संचांचे काय? ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ आणि २०२२ मध्ये ते बदलले. वस्तू परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. वाड्यांवर मात्र वजनकाटा घेऊन येतो तो भंगारवालाच. तो योकमधील तांबे काढतो, फलक नेतो, पेटीचे प्लास्टिकही कधी नेतो. ट्यूब नेत नाही. तिच्या काचेत शिसे असते आणि त्या काचेला आता गिऱ्हाईक नाही, कारण तिच्यापासून नवी ट्यूब बनवणारे कारखाने उरलेले नाहीत. ती तशीच बांधाच्या कडेला पालथी पडून राहते. पावसाळ्यात तिच्याभोवती गवत वाढते.